टाके सुकले, पण ताटाचं काय? कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरी आलेल्या बाईचा आहार

फर्दापूर (ता. सोयगाव) : बाई बाळंत झाली की तिच्या खाण्यापिण्याचं कुणाला सांगावं लागत नाही. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपूची भाजी, साजूक तूप सगळं आपोआप घरात येतं. सव्वा महिना तिला जड काम करू देत नाहीत. पण त्याच बाईचं स्तनाच्या किंवा गर्भपिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तर? दवाखान्यातून सुट्टी मिळते, टाके काढायची तारीख कागदावर लिहून देतात, गोळ्यांची पिशवी हातात येते. घरी आल्यावर आठ-दहा दिवस नातेवाईक भेटून जातात आणि मग ती पुन्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर, शेवटी, उरलेलं जेवायला बसते. वर पथ्याची यादी वेगळीच. दूध नको, पू होतो. डाळ नको, जखम चिघळते. अंडी उष्ण. शेंगदाण्यानं पित्त होतं. एवढं सगळं वजा केलं की ताटात उरते भाकरी, पातळ भाजी आणि चहा.

ऑपरेशनपेक्षा ही यादी जास्त नुकसान करते, असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं ठरणार नाही.

फर्दापूर, सावळदबारा, बनोटी या पट्ट्यातल्या रुग्णांना कॅन्सरच्या उपचारासाठी साधारण तीन वाटा असतात. एक अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोड, फुलंब्री करत छत्रपती संभाजीनगरला. दुसरी जळगावकडे. आणि तिसरी जळगावहून रेल्वेनं मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं हे रुग्णालय आता राज्य कर्करोग संस्था म्हणून ओळखलं जातं आणि मराठवाड्याबरोबरच खानदेश, विदर्भातूनही रुग्ण तिथं येतात. शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर, तेही रस्त्याचं काम वर्षानुवर्षं बघितलेल्या मार्गावरून. त्यामुळं एकदा घरी आलेली बाई 'जेवण जात नाही' एवढ्या तक्रारीसाठी परत दवाखान्यात जात नाही. तिचं जे काही भलं-बुरं व्हायचं ते घरच्या स्वयंपाकघरात होतं.

शरीर आतून काय करतं

ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीनं मोठी जखम. ती भरून काढायला प्रथिनं लागतात. जेवणातून ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःच्याच मांसपेशी मोडून ती मिळवतं. म्हणून दंड बारीक होतात, उठता-बसता धाप लागते, जिना चढवत नाही. लोक म्हणतात, 'कॅन्सरनं वाळली'. अनेकदा ती उपासमारीनं वाळलेली असते.

त्यात आपल्याकडच्या बायका ऑपरेशनच्या टेबलावर जातानाच कमजोर असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असेल तर अंगावरून रक्त जाऊन जाऊन ते आणखी खाली गेलेलं असतं.

ऑपरेशन हा बहुतेकींच्या उपचाराचा शेवट नसतो, ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गरज असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांत केमो सुरू करायची असते. त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन. जखम भरली नाही, रक्त कमी आलं, वजन घसरलं की डॉक्टर तारीख पुढं ढकलतात. आणि ती फार पुढं गेली की उपचाराचा फायदा कमी होत जातो. केमोचा डोसही रुग्णाच्या उंची आणि वजनावरून ठरवतात. तेव्हा ताटातली डाळ आणि पुढचं सलाइन यांचा थेट संबंध आहे.

जेवण हा उपचाराचा भाग आहे, हे टीबीच्या बाबतीत आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय. झारखंडमध्ये टीबी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना धान्य, डाळ, दूध पावडर असा शिधा देऊन अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. शिधा मिळालेल्या घरांतल्या इतर माणसांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं होतं. कॅन्सर हा वेगळा आजार आहे, ते आकडे इथं चिकटवता येत नाहीत. पण औषध सरकारचं आणि जेवण ज्याचं त्याचं, ही जुनी वाटणी आता टिकत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

हिशेब मांडून बघा

कॅन्सरच्या रुग्णाला दिवसाला, वजनाच्या दर किलोमागं, एक ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत असं जागतिक पातळीवरचे आहारतज्ज्ञ सांगतात. ऑपरेशननंतर त्यातला वरचा आकडा धरलेला बरा. समजा बाईचं वजन ४५ किलो आहे. तिला रोज ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं लागतील.

आता तिचं नेहमीचं ताट बघा. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी, म्हणजे साधारण १८ ग्रॅम प्रथिनं. एक वाटी पातळ वरण, ज्यात डाळ कमी आणि पाणी जास्त, त्यातून साडेतीन ग्रॅम. भाजीतून दोन. दोन वेळच्या चहातल्या दुधातून फार तर दोन. झाले पंचवीस. म्हणजे गरजेच्या निम्मेही नाहीत. आणि हे ती तीन भाकरी खाते असं धरून. ऑपरेशननंतर पहिल्या पंधरवड्यात दीड भाकरीही जात नाही.

ही तूट भरायला बाजारातला महागडा डबा लागत नाही. वरण दोन्ही वेळा घट्ट केलं, प्रत्येक वेळी एक मूठ डाळ धरून, तर दहा ग्रॅम वाढतात. पाव लिटर दुधातून आठ. दोन अंड्यांतून बारा. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, त्यातून सहा-सात. बेरीज साठच्या पुढं जाते. दूध आणि अंडी मिळून गावात येणारा खर्च हा मेडिकलवरच्या प्रोटीन पावडरच्या तुलनेत किती कमी आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या दुकानात विचारून बघावं. पावडर वाईट असते असं नाही. डॉक्टरनं किंवा आहारतज्ज्ञानं लिहून दिली असेल, गिळायलाच त्रास असेल, तर ती उपयोगाची. पण कर्ज काढून डबा आणायचा आणि तो पुरवून पुरवून रोज एक चमचा द्यायचा, याला काही अर्थ नाही. त्या एका चमच्यात एका अंड्याइतकंही बळ नसतं.

माळकरी घरात अंडं चालत नाही. तिथं सोयाबीन मदतीला येतं. सोयावड्या २५ ग्रॅम घेतल्या तरी बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सोयाबीन चालत नाही, अशी एक भीती मोबाईलवर फिरत असते. चीनमधल्या शांघाय शहरात स्तनाचा कॅन्सर झालेल्या पाच हजारांहून जास्त महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोयाबीनचे पदार्थ जास्त खाणाऱ्या महिलांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त नव्हे, तर कमी दिसलं. तेव्हा जेवणातल्या सोयाबीनला घाबरायचं कारण नाही. सोयापासून काढलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आपल्या भागातलं एक जुनं शहाणपण इथं आठवतं ते कळण्याच्या भाकरीचं. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, साधारण चार वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद. ज्वारीतल्या प्रथिनात एक घटक कमी पडतो, तो उडदात भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की शरीराला त्यातलं जास्त वापरता येतं. आजीला हे रसायन माहीत नव्हतं, पण तिच्या गिरणीच्या डब्यात ते होतं. आता घराघरांतून कळणा कमी झालाय, हेही खरं. आजारी बाईसाठी तो पुन्हा दळून आणायला हरकत नाही. फक्त पहिल्या काही दिवसांत भाकरी जड वाटली तर त्याच पिठाची पातळ आंबील किंवा पेज करावी.

भाजलेल्या पिठाचा प्रयोग दिल्लीच्या एम्समध्येही झाला आहे. वजन घटत चाललेल्या, कॅन्सर झालेल्या महिलांना भाजलेले हरभरे, जव आणि सोयाबीन यांचं पीठ, त्यात जवसाची पूड आणि वाळवलेला काटेमाठ असं मिश्रण सहा महिने, रोज १०० ग्रॅम दिलं गेलं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांचं वजन घसरत राहिलं. ज्यांना मिळालं त्यांची भूक आणि थकवा यांत सुधारणा दिसली. त्या रुग्ण ऑपरेशनच्या नव्हत्या, आजार पुढं गेलेल्या होत्या, हा फरक ध्यानात ठेवायचा. पण असलं पीठ म्हणजे आपल्या सातूच्या पिठाचाच भाऊ. ते घरी भाजून दळून ठेवलं, दुधात किंवा गुळाच्या पाण्यात कालवलं की दोन मिनिटांत वाटीभर तयार होतं. शेतात कापूस वेचणीचे दिवस असले, घरात कुणी नसलं, तरी बाईला स्वतःला करून खाता येतं.

प्रत्येक ऑपरेशनचं जेवण एकसारखं नसतं

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये पोटाला, आतड्याला हात लागत नाही. त्यामुळं भूल उतरली, मळमळ थांबली की नेहमीचं जेवण लवकर सुरू होतं. 'चार दिवस फक्त भाताची पेज' ही घरच्यांची पद्धत, डॉक्टरांचा सल्ला नव्हे. इथं वेगळीच एक अडचण पुढं येते. उपचार चालू असताना आणि नंतरही काही बायकांचं वजन उलट वाढतं, कारण हालचाल बंद होते आणि खाण्यात चहा-बिस्किटं, साबुदाणा वाढतो. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका असतो आणि वजन वाढलं की तो आणखी वाढतो. म्हणून भरपूर खायचं म्हणजे भरपूर तेल-साखर नव्हे. दवाखान्यात शिकवलेले हाताचे व्यायाम आणि रोजचं चालणं जेवणाइतकंच महत्त्वाचं. पाण्याचा हंडा त्या हातानं उचलू नये. त्या हातावर शक्यतो सुई टोचू देऊ नये.

गर्भपिशवी किंवा अंडाशयाच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडलेलं असतं. आतडी काही दिवस सुस्त असतात, गॅस धरतो, पोट साफ होत नाही. तिथं सुरुवात थोड्या थोड्या पातळ जेवणानं करायची. मुगाचं कढण, मऊ खिचडी, ताक, शिजवलेला भोपळा-दोडका. घट्ट डाळी आणि मोड आलेली कडधान्यं पोट चालू झाल्यावर. पाणी मुद्दाम प्यायचं. परत पोट एकदम फुगलं, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वाराही बंद झाला तर घरगुती ओवा-हिंगावर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पुढं ओटीपोटाला शेक सुरू झाला की चित्र उलटं होतं, जुलाब लागतात. तेव्हा कोंडा, कच्ची पालेभाजी, तिखट-तेलकट कमी करून ताकभात, केळं, मऊ भात, मीठ-साखरेचं पाणी. केळ्यासाठी आपल्याला लांब जायचं नाही, जळगाव जिल्हा शेजारीच आहे.

तिसरा प्रकार तोंडाच्या कॅन्सरचा. तो पुरुषांचा आजार समजला जातो, पण मशेरी आणि तंबाखूची सवय आपल्याकडच्या बायकांतही जुनी आहे. जबड्याच्या ऑपरेशननंतर नाकातून घातलेल्या नळीनं जेवण द्यावं लागतं, आणि नळीसह घरी आलेल्या रुग्णाच्या घरच्यांची खरी कसोटी लागते. नळीतून नुसतं वरणाचं पाणी, नारळपाणी आणि चहा दिला जातो, कारण पातळ तेवढंच जातं असा समज. प्रत्यक्षात दूध, शिजवून घोटलेली डाळ-भाताची पेज, सातूचं पातळ केलेलं पीठ, नीट उकडून मिक्सरमधून काढलेलं अंडं, चमचाभर तेल हे सगळं बारीक करून, स्वच्छ गाळणीनं गाळून देता येतं. रुग्णाला बसवून किंवा डोक्याची बाजू उंच करून, एका वेळी साधारण २०० मिली, दर दोन-अडीच तासांनी, सावकाश. आधी आणि नंतर उकळून गार केलेलं पाणी सोडायचं म्हणजे नळी तुंबत नाही. दिल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. नळी बाहेर सरकलेली दिसली, देताना ठसका लागला तर ताबडतोब थांबायचं. ती घरी परत आत ढकलायची नाही.

पथ्य नेमकं कशाचं

दुधानं पू होत नाही. पू होतो जंतूंमुळं. जखमेची पट्टी ओली राहिली, हात न धुता ड्रेसिंग केलं, साखर वाढलेली असली की होतो. डाळीनं जखम चिघळत नाही, उलट डाळ सोडल्यानं ती भरायला वेळ लागतो. लिंबू, आवळा, पेरू यांनी टाके 'आंबत' नाहीत. त्यातलं क जीवनसत्त्व जखम सांधायला आणि अन्नातलं लोह रक्तात जायला मदत करतं. उपकेंद्रातून मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते, ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. मात्र केमो चालू असेल तर कोणतीही गोळी, अगदी लोहाचीही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच.

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, हाही घरोघरचा समज. शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवरच चालते, आणि आपण साखर सोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही. आधीच जेवण न जाणाऱ्या बाईचा शिरा, खीर, गूळ-शेंगदाणे काढून घेतले तर तिचं वजन तेवढं घटतं. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथं साखर ताब्यात ठेवलीच पाहिजे, नाहीतर जखम भरत नाही.

खरं पथ्य केमोच्या दिवसांत पाळायचं असतं आणि ते कुणी पाळत नाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, साधा जुलाबही जिवावर बेततो. अशा वेळी अन्न ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम हवं. पाणी उकळून गार केलेलं. दूध उकळलेलं. रात्रीचं शिळं, गाड्यावरची कापलेली फळं, उघड्यावरचा उसाचा रस, कच्ची कोशिंबीर बंद. फळ घ्यायचं तर धुऊन, साल काढून, घरी कापलेलं. बुरशीचा वास येणारे शेंगदाणे थेट फेकून द्यायचे. ताप आला, १०१ च्या आसपास गेला, की अंगारा-धुपारा न करता दवाखाना.

केमोत तोंडाला चव राहत नाही, लोखंड चाटल्यासारखं वाटतं असं बायका सांगतात. फोडणीच्या वासानं मळमळतं. तेव्हा तीन वेळच्या मोठ्या जेवणाऐवजी सहा वेळा थोडं थोडं. तोंडात जखमा नसतील तर लिंबाची फोड, चिंचेचं सार, जवसाची चटणी चव आणतात. जखमा असतील तर तिखट-आंबट बंद, गार दूध, दही-भात, मऊ शिरा. स्टीलच्या चमच्यानं धातूची चव वाढत असेल तर हातानं खावं, त्यात काय कमीपणा?

उपवासाचं बोलायलाच हवं. संकष्टी, सोमवार, नवरात्र, चातुर्मास, 'बरी झाले तर करीन' म्हणून बोललेले नवस. ऑपरेशन झालेल्या बाईनं किमान उपचार संपेपर्यंत उपवास करू नयेत. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. देवाला हे चालेल का, असं वाटत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी तो उपवास आपल्या अंगावर घ्यावा, तशी रीत आपल्याकडे आहेच. रमजानमध्ये आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे मुस्लिम घरांमध्ये माहीत असतं, तरी बायका ती सवलत घ्यायला संकोचतात.

सरकार दरवाजापर्यंत येतं, चुलीपर्यंत नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन मोफत होतं. दाखल असताना रुग्णाचं जेवण आणि सुट्टीच्या वेळी घरी जायचं एसटीचं एकदाचं भाडं हेही त्या पॅकेजमध्ये धरलेलं आहे. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. पण घरी आल्यानंतरच्या जेवणाचं पॅकेज नाही.

तुलना करून बघा. टीबीच्या रुग्णाला 'निक्षय पोषण'मधून आहारासाठी महिन्याला पैसे मिळतात. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून आहार मिळतो. बाळंतिणीच्या घरी आशाताईच्या भेटींचं वेळापत्रक ठरलेलं असतं. कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आलेल्या बाईसाठी यातलं काहीच ठरलेलं नाही. तीस वर्षांवरच्या महिलांची कॅन्सर तपासणी व्हावी म्हणून आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. ते चांगलंच आहे. पण ज्या बाईत आजार सापडला, उपचार झाला, तिच्या घरी पुन्हा कुणी जायचं, हे त्या फॉर्ममध्ये नाही. रेशनवर अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं. त्यात गहू-तांदूळ येतात, डाळ येत नाही. म्हणजे पोट भरतं, प्रथिनांची तूट तशीच राहते.

तोवर जे आहे ते मिळवायचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराचे रुग्ण बसतात. वय ६५ च्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज सोयगावच्या तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून करायचा. सोबत दुर्धर आजाराचं सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक. 'लाडकी बहीण'चे पैसे आधीच चालू असतील तर हे दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत, ते आधी समजून घ्यावं. पासष्टीच्या पुढच्या बायकांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २१ हजार वर्षाला म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. एवढ्या कमी उत्पन्नाचा दाखला मिळवताना मजुरी करणाऱ्या घरालाही धाप लागते, ही या योजनेची जुनी मेख.

एसटीत कॅन्सर रुग्णाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट झाल्यामुळं ही मोठी सवलत मागायचं अनेकजणी विसरतात. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपरचा प्रवास मोफत आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. भाड्याचे वाचलेले पैसे दुधाला लागतात.

शेकाच्या काळात अडचण आणखी वाढते. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, काही वेळा पाच आठवडे चालतं. रोज फर्दापूरहून जाऊन-येऊन ते होत नाही, शहरात राहावं लागतं. रुग्ण आणि सोबतचा माणूस दोघंही वडापाव-चहावर दिवस काढतात. त्या दिवसांसाठी घरून निघताना सातूचं किंवा भाजणीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, गूळ, खारीक बांधून न्यावं. हे सगळं न बिघडता टिकतं. दूध, केळी आणि उकडलेली अंडी तिथं मिळतात.

वजनाची वही

आहार पुरतोय की नाही हे कळायचा सोपा मार्ग वजनकाटा. अंगणवाडीत आणि उपकेंद्रात मोठ्या माणसांचा काटा असतो, कारण तिथं गरोदर मातांचं वजन घेतात. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी वजन करून वहीत तारखेसह लिहायचं. महिन्यात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ४५ किलोच्या बाईचं सव्वादोन किलोंहून जास्त, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं. बांगड्या सैल होणं, अंगठी निसटणं, पोलका ढगळ होणं या खुणा घरातल्या बायकांना काट्याच्या आधी दिसतात. पाय सुजले तर मात्र वजन वाढल्यासारखं दिसतं आणि फसगत होते. सूज असेल तर तेही वहीत लिहावं.

ऑपरेशनची तारीख मिळाली पण अजून झालेलं नाही, अशा घरांनी तर ही वही आजपासूनच सुरू करावी. मधले दोन-तीन आठवडे तपासण्यांच्या फेऱ्यांत जातात आणि प्रत्येक फेरीला बाई उपाशी राहते. सोनोग्राफी, रक्त, भूलतज्ज्ञ, प्रत्येक ठिकाणी 'काही खाऊन येऊ नका' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. प्रत्येक तपासणीला उपाशी राहायची गरज नसते, त्या त्या वेळी विचारून घ्यावं. सुट्टी मिळताना कार्डावर आहाराविषयी काही लिहिलेलं नसेल तर वॉर्डातल्या सिस्टरला आहारतज्ज्ञ कुठं बसतात ते विचारावं आणि घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती, मग ती सून असो, मुलगी असो की नवरा, तिला सोबत घेऊन जावं. जेवणाचा सल्ला बहुतेक वेळा रुग्णालाच दिला जातो आणि ताट वाढणारा माणूस त्या वेळी खाली औषधांच्या रांगेत उभा असतो.